तीन एजन्स्या, एक पॅन

पर्मनंट नोकरीवाल्याला इन्कम टॅक्स काय चीज आहे ते कळतच नाही ओ. पगारातून परस्पर कटतो, जूनमध्ये पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, म्हणजे फॉर्म १६ येतो, विषय संपला. खरी मजा बघायची तर माझ्यासारखं कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीवर जगून बघा. सकाळी सोलापुरातल्या चाटी गल्लीत चादरीच्या होलसेलवाल्याकडं बिलिंग, दुपारनंतर चिंचोळी एमआयडीसीत डेटा एन्ट्री आणि रात्री घरी बसून अमेरिकेतल्या पेशंटच्या बिलांचे कोड टाकायचे. तिन्ही कामं तीन वेगळ्या एजन्स्यांकडून, पगार १५, २५ आणि ३५ हजार. ७५ हजार ऐकून मित्र म्हणतो, "शेठ झालास की बे!" शेठ उभ्या उभ्या झोपतो ते कुणाला दिसत नाही.

तर गंमत अशी की प्रत्येक एजन्सीला वाटतं, हा बिचारा फक्त आपल्याच जिवावर जगतोय. त्यामुळं २०२४-२५ ला तिघांनीही आपापल्या हिशोबात ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजावट) दिलं, उरलेली रक्कम ७ लाखांच्या आत म्हणून रिबेट (टॅक्समाफी) दिली आणि टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापायचा टॅक्स, शून्य. पण सरकारकडं पॅन एकच की! इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघतो तर तिन्ही पगार एकाखाली एक, बेरीज ९ लाख. डिडक्शन माणशी एकदाच, पूर्वीच्या रेशनच्या साखरेसारखं. राहिले ८ लाख २५ हजार, रिबेट गेली उडत, टॅक्स सेससकट (टॅक्सवरचा जादा कर) ३३,८००, आणि वर्षभर अ‍ॅडव्हान्स टॅक्स हप्त्यांनी भरला नाही म्हणून वर तीनेक हजार व्याज.

आता यावर कायद्यात सोय आहे, नाही असं नाही. तेव्हा फॉर्म १२बी भरून बाकीच्या पगारांची माहिती कुठल्याही एका मालकाला द्यायची, मग तो सगळ्याचा मिळून टीडीएस कापतो. मी दिवाळीनंतर लगेच दिला होता. एचआरमधली पोरगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "सर, आमच्या सिस्टीममध्ये असा ऑप्शनच नाहीये." थोडं थांबून, "पण तुम्ही अजून दोन ठिकाणी काम करता का?" मी म्हटलं रेंज जातीय, आणि फोन ठेवला.

प्रोफेशनल टॅक्सच्या (राज्याच्या व्यवसाय कराच्या) बाबतीत मात्र तिन्ही एजन्स्या एकदम जागरूक. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, हे तिघींनीही न चुकता कापलं. वर्षाला माणशी २,५०० च्या वर हा कर घेता येत नाही असं थेट घटनेत लिहिलंय, पण घटना एचआरच्या सिस्टीममध्ये नसावी. बरं, मी ज्या नव्या रिजीममध्ये आहे (दर कमी, वजावटी थोड्या) त्यात त्याची वजावट पण नाही.

नवी पेठेतल्या आमच्या सीएसाहेबांनी धीर दिला, "२०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, ९ लाखांवर काय नाही लागत, निवांत राहा." राहिलो निवांत. तेवढ्यात बिलिंगवाल्या एजन्सीनं काय डोकं लावलं कुणास ठाऊक, मला पगारी माणसातून काढून 'प्रोफेशनल', म्हणजे फी घेणारा स्वतंत्र माणूस केलं आणि १० टक्के टीडीएस कापायला सुरुवात केली. म्हणजे टॅक्स लागत नाही तर कापतात आणि लागत होता तेव्हा कापत नव्हते. रिफंड मिळंल म्हणा, पण आता फॉर्म १६ च्या जागी पगाराबाहेरच्या कमाईचा १६ए येणार, पगारदारांचा रिटर्नचा तो सोपा फॉर्म आयटीआर-१ मला चालणार नाही, आणि सीएसाहेबांनी चहा मागवता मागवता त्यांची नवी फी सांगितली. चहाचे पैसे मीच दिले.