शुभंकरामुळे यंत्र खपते, हा हिशेब उलटा आहे

गेले काही महिने कोकणातल्या छोट्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक मराठी मजकूर फिरतो आहे. काजूवाले, कोकम सरबतवाले, न्याहारी-निवासाच्या खोल्या चालवणारे अशा सगळ्यांपर्यंत तो पोहोचला आहे, आणि कुडाळात लेबले व खोके यांची रचना करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझ्याकडे तो निदान सात-आठ जणांनी पाठवला. त्याचा सारांश असा: व्हिडिओ गेमच्या कन्सोलची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या यंत्रांची, लढाई शुभंकरांनी, म्हणजे कंपनीचा चेहरा म्हणून पुढे केलेल्या पात्रांनी, लढली आणि निकालही त्यांनीच लावला. निन्टेन्डोने आधी मारिओ घडवला म्हणून तिचे यंत्र खपले. सेगाचा सोनिक मारिओपुढे हरला म्हणून सेगा बुडाली. सोनीने क्रॅश बँडिकूट आणला म्हणून प्लेस्टेशन पुढे गेले. मायक्रोसॉफ्टला चेहराच नाही म्हणून तिचे एक्सबॉक्स हे यंत्र मागे राहिले. तेव्हा कोकणातल्या प्रत्येक उद्योगाने बाकी सगळे बाजूला ठेवून आधी शुभंकर काढावा. गेल्या महिन्यात एक काजूवाले हा मजकूर मोबाइलवर उघडूनच माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आमका मारिओसारखो एक बावलो होयो." बाहुला काढण्याचे मला पैसे मिळतात, त्यामुळे पुढचे लिहिणे म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देणे आहे. तरीही त्या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान तपासण्यासारखे आहे, कारण त्यातली नावे खरी आहेत आणि कार्यकारण खोटे आहे.

"आधी मारिओ, मग यंत्र" हे पहिले विधान घटनाक्रमातच चुकते. मारिओ १९८१ मध्ये जन्मला तो कंपनीचा चेहरा म्हणून नव्हे, तर अंगावर पडलेला माल खपवण्यासाठी. 'रडार स्कोप' या नाणे टाकून खेळायच्या आर्केड खेळाची सुमारे दोन हजार यंत्रे अमेरिकेत विक्रीविना पडून होती. त्याच पेट्यांत नवा खेळ घालून त्या विकता याव्यात म्हणून निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांनी 'डाँकी काँग' रचला. खेळाला नाव मिळाले ते माकडाचे. उड्या मारणारा सुतार नुसता 'जंपमॅन' होता, आणि मारिओ हे नाव त्याला मागाहून लागले, तेही निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकावरून. मोजक्या ठिपक्यांत तोंड काढता येईना म्हणून मिशी आली, केस हलताना दाखवणे अवघड म्हणून टोपी आली, आणि हातांची हालचाल अंगापासून वेगळी दिसावी म्हणून दोन रंगांचा पोशाख आला. लेबलावर दोन सेंटिमीटरच्या चौकटीत चित्र बसवण्याची कसरत रोज करणाऱ्या माणसाला या अडचणीचे फार कौतुक वाटते. पुढच्याच वर्षीच्या 'डाँकी काँग ज्युनिअर'मध्ये तर मारिओ माकडाला पिंजऱ्यात कोंडणारा खलनायक आहे. शुभंकर म्हणून जाणीवपूर्वक घडवलेल्या पात्राला कोणती कंपनी दुसऱ्याच वर्षी खलनायक करील?

निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आले आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' सप्टेंबर १९८५ मध्ये, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळानंतर. अमेरिकेत १९८३ च्या मंदीनंतर दुकानदार व्हिडिओ गेम ठेवायलाच तयार नव्हते, तेव्हा १९८५ मध्ये निन्टेन्डोने तिथे यंत्राला व्हिडिओ कॅसेट प्लेअरसारखे रूप दिले आणि ते खेळण्यांच्या दुकानात शिरावे म्हणून सोबत 'रॉब' नावाचा एक यंत्रमानव जोडला. दार उघडून घेण्याचे काम या करड्या यंत्रमानवाकडे होते, आणि आज तो कोणाच्या लक्षातही नाही.

या विधानाला खरे उत्तर मात्र निन्टेन्डोचे स्वतःचे विक्रीचे आकडे देतात. फॅमिकॉम, त्याच्या अमेरिकी रूपासह, ६ कोटी १९ लाख खपले. त्यानंतरचे सुपर निन्टेन्डो ४ कोटी ९१ लाख, निन्टेन्डो ६४ हे ३ कोटी २९ लाख, गेमक्यूब २ कोटी १७ लाख. मग वी हे यंत्र एकदम १० कोटी १६ लाखांवर गेले, त्यापाठोपाठचे वी यू १ कोटी ३५ लाखांवर कोसळले, आणि स्विच १५ कोटींच्या पुढे पोहोचले. या सगळ्या काळात मारिओ तोच होता, मिशीही तीच. चेहऱ्यावर विक्री ठरत असती तर रेषा अशी खालीवर झाली नसती. वी खपले ते हातात धरून हलवण्याच्या रिमोटमुळे, आणि बहुतेक देशांत त्याच्यासोबत मिळणाऱ्या 'वी स्पोर्ट्स' या खेळात मारिओ औषधालाही नव्हता. उलट वी यू बाजारात आले तेच मारिओचा नवा खेळ घेऊन. पण हे नवे यंत्र आहे की जुन्या वीला जोडायची पाटी आहे, हेच अनेक ग्राहकांना कळले नाही. त्याच्यावरचा 'मारिओ कार्ट ८' ८५ लाखांच्या आत राहिला. तोच खेळ थोड्या भरीसह स्विचवर आला आणि ६ कोटींच्या पुढे गेला. खेळ तोच, चेहरा तोच. खालचे यंत्र तेवढे बदलले होते.

मजकुरात मध्येच एक वाक्य आहे: "लोक चेहरा ओळखतात म्हणून माल घेतात." कोकणापुरता या वाक्याचा साक्षीदार मी स्वतः आहे. नव्वदच्या दशकात गणपतीला डोंबिवलीहून येणाऱ्या माझ्या चुलतभावाने एकदा टीव्हीचा व्हिडिओ गेम आणला होता. गणपतीवर बांधलेल्या माटवीपासून चार हातांवर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याच्यासमोर दाटीवाटीने बसलेली दहा-बारा पोरे, आणि पिवळी कॅसेट चालली नाही की तिच्या दातऱ्यांवर फुंकर मारायचा मान ज्याची पाळी असेल त्याचा. कॅसेटवर '६४ इन १' असे छापलेले असे आणि बारा-पंधरा खेळांनंतर तेच खेळ वेगळ्या नावांनी पुन्हा सुरू होत. वाडीतल्या प्रत्येक पोराला मारिओ ठाऊक झाला. निन्टेन्डो हे नाव मात्र कोणी ऐकलेले नव्हते, कारण यंत्राच्या खोक्यावर ते नव्हतेच. ती फॅमिकॉमची नक्कल होती. ओळख शंभर टक्के आणि मूळ कंपनीच्या गल्ल्यात एक रुपया नाही, अशी ती स्थिती होती. नकली कॅसेटवाल्यांनी तर १९९४ मध्ये 'सोमारी' नावाचा खेळ काढला, ज्यात सोनिकच्या रस्त्यांवरून चक्क मारिओ धावतो. ज्या दोन चेहऱ्यांवरून महायुद्ध झाले असे हा मजकूर सांगतो, त्यांची अशी खिचडी आमच्यापर्यंतच्या बाजारात होत होती.

आता सेगा. "सोनिक हरला म्हणून सेगा बुडाली" हे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण सोनिक हरलाच नाही. सेगाने त्याआधी अ‍ॅलेक्स किड हे पात्र पुढे करून पाहिले होते आणि ते निन्टेन्डोच्या जवळपासही गेले नाही. जून १९९१ मध्ये आलेला सोनिक वेगळा ठरला तो केवळ सेगाच्या बोधचिन्हाशी जुळणाऱ्या निळ्या रंगामुळे नव्हे. मेगा ड्राइव्ह या यंत्राचा प्रोसेसर पडदा किती वेगाने सरकवू शकतो, हे दाखवण्याचे प्रात्यक्षिक म्हणजे सोनिक होता. नाओतो ओशिमा यांचे चित्र, युजी नाका यांची प्रोग्रॅमिंग आणि हिरोकाझू यासुहारा यांच्या रस्त्यांची आखणी ही तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होती: हे यंत्र वेगवान आहे. शुभंकराचे काम इतक्या नेमकेपणाने झालेले उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल, आणि एवढे श्रेय मी त्या मजकुराला विनातक्रार देतो.

पण त्याच वर्षी सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी यंत्राची किंमत १८९ डॉलरवरून १४९ वर आणली, जुना खेळ काढून सोनिक यंत्रासोबतच द्यायला सुरुवात केली, आणि निन्टेन्डोचे नवे यंत्र १९९ डॉलरला आले तेव्हा सेगाचे यंत्र पन्नास डॉलरने स्वस्त होते. अमेरिकी फुटबॉलसारखे मैदानी खेळ सेगाकडे आधीच होते. १९९३ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या खेळात निन्टेन्डोने रक्ताऐवजी घाम दाखवला, तर सेगाच्या यंत्रावर एक गुप्त संकेत दाबला की रक्त दिसत असे, आणि किशोरवयीन मुलांना काय हवे होते ते सांगायला नको. हे सगळे जिथे जुळले त्या अमेरिकेत सेगा निन्टेन्डोच्या बरोबरीने उभी राहिली. जपानमध्ये सोनिक तोच होता, यंत्रही तेच होते, तरी सेगा तिथे सुपर फॅमिकॉम (सुपर निन्टेन्डोचे जपानी नाव) आणि एनईसी या कंपनीचे पीसी इंजिन यांच्या मागे तिसरीच राहिली.

मग सेगा बुडाली कशाने? जुन्या यंत्राला जोडायची महागडी उपकरणे एकामागून एक काढून तिने स्वतःच्याच ग्राहकांचा विश्वास गमावला. सॅटर्न हे यंत्र अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये येणार असे सांगून ते ११ मे रोजी अचानक, मोजक्याच दुकानांत, ३९९ डॉलरला आणले. ज्यांना माल मिळाला नाही ते दुकानदार चिडले, आणि त्याच दिवशी सोनीने प्लेस्टेशनची किंमत २९९ सांगून टाकली. यावर मजकुराचे समर्थक म्हणतील की सॅटर्नवर सोनिकचा मोठा नवा खेळच नव्हता, १९९६ च्या नाताळासाठी आखलेला खेळ कधी बाहेर आलाच नाही, म्हणजे शुभंकराअभावीच यंत्र पडले. हा आक्षेप रास्त आहे, पण त्याला उत्तर पुढच्याच यंत्रात आहे. ड्रीमकास्ट अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी आले तेच मुळी 'सोनिक अ‍ॅडव्हेंचर' घेऊन, आणि तो खेळ गाजला. तरी ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले आणि ड्रीमकास्ट ९१ लाखांच्या आसपास थांबले, कारण दरम्यान डीव्हीडी चालवणारे प्लेस्टेशन २ आले होते आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या प्रकाशकाने ड्रीमकास्टसाठी खेळ केलेच नव्हते. यंत्र गेले, शुभंकर राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोनिक निन्टेन्डोच्या यंत्रांवर धावू लागला आणि २००७ मध्ये ऑलिम्पिकच्या खेळात मारिओच्या शेजारी उभा राहिला.

सोनीबद्दलचे विधान तारखांनीच निकालात निघते. प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी आले आणि क्रॅश बँडिकूट १९९६ मध्ये. तोवर सोनीच्या अमेरिकी शाखेने 'पॉलिगॉन मॅन' नावाचे एक टोकदार जांभळे डोके चेहरा म्हणून पुढे करून मागेही घेतले होते. क्रॅशच्या जाहिरातीत त्याचा वेष घातलेला माणूस निन्टेन्डोच्या कार्यालयाबाहेर कर्णा घेऊन आरडाओरडा करतो, आणि ती जाहिरात झकास आहे हे मान्य. परंतु खेळ करणाऱ्या कंपन्या सोनीकडे वळल्या त्या कर्ण्यामुळे नव्हेत. सीडीत ६५० मेगाबाइट मावत आणि ती छापायला स्वस्त होती. निन्टेन्डो ६४ चे कार्ट्रिज जास्तीत जास्त ६४ मेगाबाइटचे आणि महाग. 'फायनल फँटसी ७' हा खेळ १९९७ मध्ये निन्टेन्डोऐवजी प्लेस्टेशनवर आला त्यामागे हेच गणित होते. पहिल्या प्लेस्टेशनवर सर्वाधिक खपलेल्या 'ग्रान तुरिस्मो'त चेहरा असलेले पात्रच नाही, नुसत्या मोटारी आहेत.

सोनीची ओळख कशात होती हे कोणत्याही खेळणाऱ्याच्या अंगठ्याला विचारावे. तेइयू गोतो यांनी कंट्रोलरच्या बटणांवर अक्षरांऐवजी त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन घातले. त्यांच्या मनात वर्तुळ म्हणजे होकार, फुली म्हणजे नकार, त्रिकोण म्हणजे पाहण्याची दिशा आणि चौकोन म्हणजे कागद होता. जपानबाहेर फुलीच होकार झाली, तरी चार आकृत्या टिकल्या. प्लेस्टेशन २ साडेपंधरा कोटींहून अधिक खपले ते कोणत्याही एका शुभंकराशिवाय. अ‍ॅस्ट्रो हा छोटा यंत्रमानव सोनीच्या यंत्रात आधीपासून भरून आला तो २०२० मध्ये, राज्य स्थिर झाल्यावर. आणि ज्या क्रॅशच्या जिवावर सोनी जिंकली असे म्हणतात त्याचे हक्क सोनीकडे कधीच नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन विकत घेतली गेली तेव्हा तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा झाला.

मायक्रोसॉफ्टबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तिने २००२ मध्ये ब्लिंक्स नावाचे मांजर काढून पाहिले, ते कोणाला आठवत नाही. 'हेलो' या खेळाचा नायक मास्टर चीफ याचा चेहरा तर हेल्मेटखालून दिसतच नाही, आणि तरी एक्सबॉक्स ३६० जवळजवळ प्लेस्टेशन ३ च्या बरोबरीने खपले. पुढचे यंत्र मागे पडले ते २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ पेक्षा शंभर डॉलरने महाग आल्यामुळे आणि जुन्या डिस्का उसन्या देण्या-विकण्यावर बंधने घालण्याची घोषणा करून लोकांना बिथरवल्यामुळे. ती घोषणा मागे घेतली गेली, पण व्हायचे ते होऊन गेले होते.

राहता राहिला कोकणातल्या उद्योगांना दिलेला सल्ला. आपल्याकडे दशावताराच्या प्रत्येक मंडळात मुख्य नाटकाआधीच्या आडदशावताराला तोच काळ्या वेषातला संकासुर येतो, त्याच्यावर तितकेच हसू होते, आणि तरीही जत्रेत लोक आधी विचारतात की आज नाटक कोणाचे. काजूच्या धंद्यात तर घाऊक व्यापारी चेहरा विचारतच नाही; तो 'डब्ल्यू ३२०' म्हणतो, म्हणजे एका पौंडात अख्खे गर सुमारे किती बसतात ते, आणि त्या आकड्याला माल उतरला नाही की पोते परत येते.

त्या काजूवाल्यांची पिशवी मी टेबलावर उलटी करून पाहिली. त्यावर गर अख्खा आहे की पाकळी ते लिहिलेले नव्हते, भाजल्याची तारीख नव्हती, आणि शिवणीतून हवा शिरून गर मऊ पडले होते. आम्ही आधी शिवण बदलली, मग प्रत आणि तारीख दिसेल अशी जागा पुढच्या बाजूला केली. बावल्याचे कच्चे रेखाटन माझ्या फायलीत आहे. मुंडाशाचा रंग अजून ठरलेला नाही.