व्हिला बुक झाला, पण दुपारी गॅस कोण पेटवणार?

मे जवळ आला की संभाजीनगरातल्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांना खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळच्या रस्त्यावरचे व्हिला दिसायला लागतात. दोन रात्री, पंधरा-वीस माणसं, पोरं दिवसभर पाण्यात. पूल किती खोल, एसी किती खोल्यांत, गाणी किती वाजेपर्यंत लावू देतात, यावर मेसेजचा पाऊस पडतो. जेवणाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि पाच मिनिटांत मिटतो. पहिल्या दिवशी पावभाजी, दुसऱ्या दिवशी पनीर आणि जीरा राईस, एका रात्री बिर्याणी, सकाळी पोरांना मॅगी. "बाकी तिथं गेल्यावर बघू."

"बघू" म्हणणारे कोण असतात आणि तिथं गेल्यावर प्रत्यक्ष बघतं कोण, हे सांगायची गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा बेचाळिशीला टेकलेला असताना ग्रुपच्या जेवणाची सुरुवात पदार्थांच्या यादीने करूच नका. आधी गॅसचं वेळापत्रक ठरवा. सकाळी दहाला गॅस बंद, तो संध्याकाळी सहाशिवाय पेटणार नाही. चहालाही नाही. ज्यांचं चहावाचून अडतं त्यांनी थर्मास आणावा. हे एकदा सगळ्यांनी कबूल केलं की मेनू आपसूक सुचत जातो आणि पनीर बटर मसाला कुणाशीही न भांडता गळून पडतो.

व्हिलाच्या जाहिरातीतले फोटो नीट बघा. पूल चार बाजूंनी, झोपाळा, गच्ची, रात्रीचे दिवे. स्वयंपाकघराचा फोटो क्वचित दिसतो. असतं काय, तर कोपऱ्यातली एक खोली, पश्चिमेला एक छोटी खिडकी, दोन बर्नरची शेगडी. एसी हॉलमध्ये, बेडरूममध्ये, स्वयंपाकघरात कधीच नाही. पंखा लावला तर गॅस विझतो. त्या खोलीत दुपारी साडेबाराला पंधरा माणसांच्या पोळ्या लाटायच्या म्हणजे घरच्यापेक्षा वाईट हाल, वर पैसे भरून. बाहेरून पोरांचा आरडाओरडा ऐकू येतो, आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं कुणीतरी विचारतं, "वहिनी, अजून किती वेळ?" आमच्या लातूरच्या जाऊबाई यावर उलट आवाज देतात, "तुमी काय करूलालात तिथं? या की आत!" कुणी येत नाही ती गोष्ट वेगळी.

आता दुपारचं. खरी गंमत इथेच आहे, कारण दुपारी न पेटवता जेवायची आपल्याकडची रीत जुनी आहे. शेतात बांधावर बसून जेवणाऱ्या माणसाला कोण गरम वाढायला येत होतं?

ज्वारीची भाकरी सकाळी थापून ठेवली तरी दुपारी चांगली लागते, पोळीसारखी चिवट होत नाही. धपाटे तर थोडे निवल्यावरच खरे. त्यासोबत घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा आणि कैरीचा तक्कू. तक्कू म्हणजे कैरी किसून त्यात गूळ, तिखट, मीठ, वर मोहरी-हिंग-मेथीची फोडणी. सकाळी केला की दोन्ही दिवस पुरतो, कारण आंबट आणि खारट गोष्टी उन्हाळ्यात तग धरतात. मटकी किंवा मूग घरूनच मोड आणून न्यावेत. सकाळी नाश्ता चालू असतानाच वाफवून, निवले की फ्रीजमध्ये ठेवून द्यावेत. दुपारी काकडी, कैरी, कांदा, लिंबू घातलं की काम झालं. कुरडया-पापड सकाळी आठला तळून डब्यात भरले तरी दुपारी कुरकुरीत राहतात. आपल्याकडच्या कोरड्या हवेचा एवढा तरी फायदा घ्यावा, मुंबईकरांच्या नशिबी तो नाही.

आणि अंबील. पोरं आधी नाक मुरडतात, मग दुसऱ्यांदा मागतात. रात्री झोपताना ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी ते उकळत्या पाण्यात ओतून गुठळी न होऊ देता शिजवायचं. निवलं की आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. पातळ ठेवायची, भांड्याने पिता आली पाहिजे. बारा वाजता प्रत्येकाने एक भांडं अंबील घेतली की "जेवण कधी" हा प्रश्न दीड वाजेपर्यंत कुणी काढत नाही. ज्वारी दगडी मिळाली तर उत्तमच. जालन्याच्या या वाणाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडची म्हातारी माणसं तिची भाकरी त्याच्या कितीतरी आधीपासून हौसेने खातायत.

आंब्याबद्दल एक सूचना. मराठवाड्याचा केसर, ज्याला २०१६ मध्ये मानांकन मिळालं, तो मेच्या सुरुवातीला गेलात तर फारसा हाती लागणार नाही. मेच्या शेवटी, जूनच्या तोंडावर गेलात तर गोडी कळेल. आमरस सकाळीच काढून फ्रीजमध्ये ठेवावा. पुऱ्यांचा हट्ट धरू नये. रसासोबत सकाळच्या पोळ्या चालतात, आणि कुणाला चालत नसतील तर कढई तिथेच आहे, नियम मोडायचा असेल तर त्यानेच तळाव्यात.

सकाळच्या नाश्त्याला मी सुशीला सुचवते. पुण्याच्या मैत्रिणींना हे नाव सांगितलं की त्या कोण सुशीला विचारतात. मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वरून फुटाण्याच्या डाळ्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू. पंधरा माणसांचं पाव तासात होतं. उपम्यासारखं घोटत बसावं लागत नाही.

आता जरा भीती घालते. शिजवलेलं अन्न एरवी दोन तास बाहेर राहिलं तर चालतं, पण हवा ३२ अंशांच्या वर गेली की एकच तास धरायचा, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपल्याकडे मेमध्ये ३२ अंश सकाळीच होतात. म्हणजे दुपारी केलेला जीरा राईस "रात्री फोडणी देऊ" म्हणून ओट्यावर झाकून ठेवणं हा सरळ धोका. भातात असे जिवाणू असतात की त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वीस माणसं, दोन बाथरूम आणि शिळी बिर्याणी, पुढचं तुम्हीच कल्पा. दुपारच्या जेवणातून भात काढून टाका. ओल्या खोबऱ्याची चटणीही काढा. दही रात्री विरजलं तर चार-पाच तासांत लागतं. सकाळी उठल्या उठल्या ते फ्रीजमध्ये जायला हवं, नाहीतर दुपारी आंबट ढाण.

फ्रीजमध्ये जागा असेल तर, अर्थात. व्हिलाचा फ्रीज घरच्याएवढाच असतो आणि पोहोचताक्षणी तो बाटल्यांनी भरून जातो. त्यावर उपाय म्हणजे मोठी टप आणि बर्फाची लादी. बाटल्या, टरबुजं, सगळं टपात. फ्रीज फक्त दूध, दही, रस आणि मोडांसाठी. लादीचा बर्फ पेल्यात मात्र टाकू नका, तो कुठल्या पाण्याचा असतो देव जाणे. टरबूज अख्खं आणा, खायच्या वेळी कापा. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात, फ्रीज बहुधा चालत नाही, हे आधी विचारून घ्या.

पाण्याचा हिशेब माणशी चार-पाच लिटरचा धरा. पंधरा माणसांना वीस लिटरचे निदान तीन-चार जार रोज. एक माठ घेऊन जा. कोरड्या हवेत माठातलं पाणी जे गार होतं त्याला तोड नाही, शिवाय वीज लागत नाही. ताकाला दोन किलो दही लागेल, त्याचं सहा-सात लिटर पातळ ताक होतं. पोरांनी उन्हात पाणी खेळून डोकं दुखतंय म्हटलं आणि ओआरएस जवळ नसलं, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. अंदाजे नको.

भाजी वाटेतल्या बाजारातून घ्या, पण पहिल्याच दिवशी पोतं भरू नका. मेथी-पालक पहिल्या संध्याकाळी संपवा, गवार-दोडका-भेंडी दुसऱ्या दिवशीला. कोथिंबीर ओल्या सुती फडक्यात. आणि घरची सुरी, किसणी, रवी, एक मोठं पातेलं गाडीत टाकाच. व्हिलाच्या सुरीने टोमॅटोही कापला जात नाही.

बऱ्याच ठिकाणी राखणदाराची बायको भाकरी करून देते. पंधरा माणसांच्या एका जेवणाला पंचवीस-तीस भाकरी लागतात, म्हणजे अडीच किलो पीठ आणि दीड-दोन तास चुलीसमोर. व्हिलाला हजारो रुपये मोजणारी माणसं तिच्याशी भाकरीमागे दोन रुपयांवरून घासाघीस करतात तेव्हा मला लाज वाटते. आदल्या दिवशी सांगा, मावशींना सोयीची वेळ विचारा, त्या म्हणतील तो भाव द्या. आणि पैसे मालकाच्या हिशेबात मिळवू नका, त्यांच्या हातात द्या.

संध्याकाळी सहानंतर मात्र अंगणात चूल पेटवा. वारा सुटलेला असतो, सगळे अंघोळी करून बसलेले असतात, माणसं मदतीला सापडतात. येसर घरून करून नेला की आमटीला फोडणी, पाणी आणि दोन उकळ्या एवढंच काम. ज्वारी, गहू, डाळी, धने, सगळं आधीच भाजून दळलेलं असतं, त्यामुळे वाटण नाही. लग्नाच्या पंगतीत शेकडो माणसांना पुरणारी आमटी आहे ती, वीस जणांचं काय.

मटणाचं म्हणाल तर आमच्या ग्रुपवर त्यावरून अजून वाद चालू आहे. माझं मत मी दिलंय: एकाच रात्री, दुपारी कधीच नाही. ज्यांना हवंय त्यांनी साडेपाचला गाडी काढून ताजं आणायचं, आणल्याबरोबर शिजायला घालायचं, त्याच रात्री संपवायचं, उरलेलं सकाळी नाश्त्याला कुणी मागायचं नाही. आणणं, धुणं, चूल सांभाळणं आणि नंतर पातेलं घासणं हे भाऊजी मंडळींकडे. येसर मी आणीन.