यूडीसीटी सोडून नागपूर? : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा रागच आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मागच्या पोस्टमधल्या यवतमाळच्या त्या मुलीला मी माटुंग्याचं आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजेच जुनं यूडीसीटी) सोडून नागपूरचं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) घे म्हणालो म्हणजे तिचं नुकसान केलं, मी स्वतः एलआयटीचा असल्यामुळे पक्षपात केला, आणि 2023 मधे झालेल्या युनिव्हर्सिटीला कोण ओळखतं.

पक्षपाताचं आधी मान्य करून टाकतो. असणारच थोडा. अमरावती रोडवर चार वर्षं काढलेल्या माणसाकडून तटस्थपणाची अपेक्षा करू नका.

पण 2023 चा मुद्दा काही पटला नाही. विद्यापीठाचा दर्जा तेव्हा मिळाला हो, संस्था 1942 ची आहे, कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली इस्टेट नागपूर विद्यापीठाला दिली त्यातून उभी राहिलेली. आणि तुमच्याच हिशोबाने बघायचं तर आयसीटीला तरी डीम्ड विद्यापीठाचा दर्जा कधी मिळाला, 2008 मधे. त्याआधी 1933 पासून ते मुंबई विद्यापीठाचं एक डिपार्टमेंटच होतं ना, यूडीसीटीतला डी म्हणजे डिपार्टमेंटच. माशेलकर तिथूनच शिकले, मुकेश अंबानी तिथलेच, घरडा केमिकल्सचे घरडा तिथलेच, डॉ. रेड्डीजचे अंजी रेड्डी तिथलेच. यातल्या कुणाचं पाटीवरच्या नावावाचून काही अडलं का?

आता खरा मुद्दा, जो तुमच्या प्रतिक्रियेत आलाच नाही. तिला आयसीटीत काय मिळत होतं? बी.केम.इंजी. म्हणजे तिथली केमिकल इंजिनिअरिंगची डिग्री नाही, फायबर्स अँड टेक्स्टाइल प्रोसेसिंगचं बी.टेक. मिळत होतं. एलआयटीत सरळ केमिकल इंजिनिअरिंग. आपल्याकडे काय होतं, घरात कुणीतरी म्हणतं "आयसीटी लागलं" आणि पेढे वाटून होतात, ब्रँच कुठली ते पेढे संपल्यावर कळतं. ब्रँच वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, कापडाच्या डाइंग-फिनिशिंगमधे रस असेल तर माटुंग्यासारखी जागा नाही. पण या मुलीला प्रोसेस डिझाइन करायचंय, मास ट्रान्सफर, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग, प्लांट डिझाइन हे सगळे विषय भरपूर हवेत, आणि पुढे गेटची परीक्षा देऊन पीएसयूत म्हणजे सरकारी कंपनीत जायचंय. गेटचा केमिकलचा पेपर कुणीही देऊ शकतं हो, पण पीएसयूच्या जाहिरातीत कुठल्या डिग्र्या चालतात ती ओळ एकदा वाचून बघा, तिथे केमिकल इंजिनिअरिंग हे नाव असलं की वाद घालत बसावं लागत नाही. (बाय द वे एलआयटीतही केमिकल टेक्नॉलॉजीचं वेगळं बी.टेक. आहे, ऑइल, फूड, पेपर वगैरे, तिथेही हाच गोंधळ होतो.)

दुसऱ्या कुणासाठी वाचत असाल तर अजून एक, नुसतं आयसीटी बघून भरू नका, कॅम्पस बघा. माटुंग्याशिवाय जालना आणि भुवनेश्वरलाही आहे, तिथे पाच वर्षांचा इंटिग्रेटेड एम.टेक. चालतो, मधेमधे इंडस्ट्रीत पाठवतात, म्हणजे पूर्ण वेगळाच प्रकार.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, आणि तो मी मूळ पोस्टमधे उगाच दोन ओळींत उरकला होता. माटुंग्याचं रिसर्चचं वातावरण आणि माजी विद्यार्थ्यांचं जाळं याची बरोबरी नागपूरला होत नाही. केमिकल इंजिनिअरिंगमधले एम. एम. शर्मा, जे. बी. जोशी यांच्यासारखी माणसं जिथे शिकवून गेली तिथल्या कॉरिडॉरमधेच निम्मं शिक्षण होतं. पीएचडी किंवा परदेशाचं डोक्यात असेल तर मी माझाच सल्ला फिरवेन. नोकरीचं म्हणाल तर दोन्हीकडची पोरं शेवटी गुजरातेत दहेज नाहीतर अंकलेश्वरच्या केमिकल कारखान्यांत एकाच कॅन्टीनमधे जेवताना भेटतात, मी स्वतः जेवलोय.

शेवटी तुम्ही विचारलंय, "तुमची स्वतःची मुलगी असती तर?" बी.केम.इंजी. मिळत असतं तर त्याच रात्री विदर्भ एक्सप्रेसमधे बसवून सकाळी दादरला उतरवलं असतं, एलआयटी गेलं खड्ड्यात. फायबर्स मिळत असतं तर आधी तिला विचारलं असतं, कापडात रस आहे का तुला? यवतमाळच्या पोरीलाही मी हेच विचारलं होतं. ती नाही म्हणाली.