स्टिमॅकला शिव्या घालण्याआधी कॅम्पचे दिवस मोजा

भारतीय फुटबॉल संघाचा माजी प्रशिक्षक इगोर स्टिमॅक याच्याबद्दल आज पुन्हा तेच वाचलं. "क्रोएशियाचा तो स्टिमॅक आला, पाच वर्षं पगार खाल्ला आणि गेला." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं.

स्टिमॅक म्हणजे क्रोएशियातल्या हायदूक स्प्लिट क्लबचा सेंटर-बॅक, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू. १९८७ ला चिलीत युवा विश्वचषक जिंकलेल्या युगोस्लाव्हियाच्या संघातला, १९९८ ला फ्रान्समध्ये तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या बचावातला. देशासाठी ५३ सामने. पण मुद्द्याचं आहे ते डर्बी कौंटी या इंग्लिश क्लबमधलं प्रकरण. नोव्हेंबर १९९५, ट्रॅनमियरविरुद्ध त्याचा पहिला सामना. डर्बी १-५ ने हरली आणि तो एकमेव गोलही या बचावपटूचाच. मॅनेजर जिम स्मिथने त्याला बाकावर बसवलं नाही. उलट मागे तीन सेंटर-बॅक ठेवून बचाव त्याच्याभोवती बांधला. पुढे डर्बी लीगमध्ये सलग २० सामने हरली नाही आणि मोसमाअखेर वरच्या प्रीमियर लीगमध्ये गेली.

बचाव बसायला दिवस लागतात हो! चेंडू डावीकडे गेला की डावा फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, अंगावर जातो, त्याच क्षणी दोन्ही सेंटर-बॅक तिकडे सरकतात, पलीकडचा फुल-बॅक आत येऊन लांबच्या पोस्टसमोर उभा राहतो. एकजण सेकंदभर उशिरा सरकला की मध्ये फट पडते आणि क्रॉस नेमका तिथेच येतो. त्यात चेंडूकडे बघता बघता पाठीमागचा माणूस सुटला तर संपलंच. क्लबमध्ये प्रत्येकाचा जोडीदार वेगळा, बचावाची रेषा कुणाची पुढे, कुणाची मागे. राष्ट्रीय कॅम्पमध्ये आधी ती सवय मोडायची, मग नवी लावायची. तीन दिवसांत होतं का हे?

२०२३ ला भारताच्या प्रशिक्षकपदी असलेल्या स्टिमॅकला दिवस मिळाले. भुवनेश्वरचा कॅम्प, इंटरकॉन्टिनेंटल कप, मग बेंगळुरूत सॅफ ही दक्षिण आशियाई स्पर्धा. मेपासून ४ जुलैपर्यंत पोरं एकत्र होती. संदेश झिंगन आणि अन्वर अली ही जोडी जमली. मार्चमधल्या इम्फाळच्या सामन्यांपासून धरलं तर सलग आठ सामन्यांत गोल खाल्ला नाही. नवव्यात कुवेतविरुद्ध खाल्ला, तोही स्वयंगोल. जुलैत भारत फिफा क्रमवारीत ९९ वा. तेव्हा कुठे होते हे इमोजीवाले?

आणि सप्टेंबरमध्ये हांगझोऊचे एशियन गेम्स. आयएसएल ही देशातली क्लबांची लीग तोंडावर, क्लब खेळाडू सोडेनात. दुय्यम संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरला. चीनविरुद्ध पहिल्या हाफनंतर १-१, मग पाय संपले. १-५. ट्रॅनमियरचाच स्कोअर! फरक इतकाच, की डर्बीत दुसऱ्या दिवसापासून सराव होता; इथे थेट पुढचा सामना.

दोहाच्या आशिया कपलाही तेच. त्याने कॅम्पसाठी चार आठवडे मागितले, दोनही धड मिळाले नाहीत, वर अन्वर जखमी. ऑस्ट्रेलियाला हाफ टाइमपर्यंत रोखलं, मग गोलकीपर गुरप्रीतने अडवलेला क्रॉस त्यांच्या अर्व्हाइनच्या पायात पडला. तीन सामने, आपला एकही गोल नाही.

गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो त्याला सबब नाही, मान्य. सॅफमधली दोन लाल कार्डंही त्याने स्वतःच ओढवून घेतली. विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत नेलं नाही तर जाईन म्हणाला होता आणि गेला नाही, हेही खरंच.

पण ११ जून २०२४ आठवलं की राग ओसरतो, नुसतं वाईट वाटतं. छांगतेच्या गोलने कतारमध्ये कतारविरुद्ध १-० पुढे. जिंकलो असतो तर तिसरी फेरी. ७३ व्या मिनिटाला चेंडू रेषेबाहेर गेला होता, तो आत ओढून कतारने गोल केला, पंचांनी दिला. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. आपली पोरं हात वर करून उभी. १-२. सहा दिवसांत स्टिमॅकची हकालपट्टी.

नंतर काय दिवे लागले? त्याच्या जागी आलेला मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत सांभाळत होता. आठ सामन्यांत एक विजय, मालदीवविरुद्ध. मग खालिद जमील प्रशिक्षक झाला आणि ऑक्टोबर २०२५ ला मडगावात, आपल्या फातोर्डा स्टेडियमवर, सिंगापूरने २-१ ने हरवून २०२७ च्या आशिया कपमधून बाहेर काढलं. मग शिव्या जमीलच्या वाट्याला आल्या. त्यालाही पहिल्याच स्पर्धेसाठी क्लबांनी खेळाडू अडवून धरले होते. त्यावर एक पोस्ट लिहा की कुणीतरी!