ब्लॅक फॉरेस्ट केक काही चारशे वर्षं जुना नाहीये

आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणाचाही वाढदिवस असला की एक फॉरवर्ड ठरलेला. ब्लॅक फॉरेस्ट केक म्हणे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये १६व्या शतकापासून बनतोय, तिथल्या बायकांचे काळे झगे, पांढरे ब्लाउज आणि लाल गोंड्यांच्या टोप्या बघून तो सुचला, आणि आपल्या बेकरीत मिळतो तो अगदी तोच.

आधी १६वं शतक घेऊ. तेव्हा चॉकलेट युरोपात नुकतं कुठे पोचत होतं, आणि ते प्यायचं असायचं. कोको दाबून त्यातलं तूप काढायची व्हान हाउटेन या डच चॉकलेटवाल्याची पद्धत आली १८२८ला, मग त्याआधी स्पंजमध्ये घालायला कोको पावडर आणली कुठून? या केकचा लेखी उल्लेख सापडतो तो थेट १९३४चा. म्हणजे आपल्या पणजीपेक्षाही लहान असेल हा केक.

बरं, जन्म तरी त्या जंगलात झाला का, तर तेही नक्की नाही. योझेफ केलर नावाच्या मिठाईवाल्याचं म्हणणं होतं की १९१५मध्ये बाड गोडेसबर्गच्या कॅफे आग्नरमध्ये त्याने तो पहिल्यांदा केला. हे गाव आता बॉन शहरात आहे, ब्लॅक फॉरेस्टपासून चांगलं लांब, उत्तरेला. दुसरा दावा ट्युबिंगेन या जर्मन शहराचा, १९३०चा. ते जवळ आहे पण जंगलात नाही. ठोस पुरावा केलरकडेही नव्हता, त्यामुळे मी कुणाच्याच नावाने टाळ्या वाजवणार नाही.

टोपीची गोष्ट मात्र भारी आहे आणि म्हणूनच खपते. टोपी खरी आहे, बोलेनहुट म्हणतात तिला, पण ती सगळ्या ब्लॅक फॉरेस्टची नाहीच, गुटाख आणि आजूबाजूच्या मिळून तीन गावांची. आणि लाल गोंडे फक्त लग्न न झालेल्या मुलींचे, लग्न झालं की गोंडे काळे. केकच्या नावाचं मला पटतं ते साधं कारण, केकात पडणारं किर्शवासर. ही चेरीची दारू, त्या भागाची खासियत, आणि 'श्वार्त्सवेल्डर किर्शटोर्टं' या केकच्या जर्मन नावातलं किर्श म्हणजे चेरीच. आजही जर्मनीत या नावाने केक विकायचा तर किर्शवासरची चव लागायलाच हवी असा नियम आहे.

आता 'अगदी तोच' बद्दल. आपल्याकडे दारूच्या जागी साखरेचं पाणी, सायीच्या क्रीमच्या जागी बऱ्याचदा वनस्पती तेलाची टॉपिंग क्रीम, आणि वरची ती लालभडक चेरी? ती बहुतेक वेळा करवंद असते, बी काढून पाकात मुरवून रंगवलेलं. पुढच्या वेळी ती एकटी उचलून खाऊन बघा, चेरीचा वाससुद्धा येत नाही, नुसता पाक. मला आवडतो हा आपला केक, लहानपणी त्या एका चेरीसाठी भावाशी मारामाऱ्या केल्यात, आणि भांडत होतो ते करवंदासाठी, जे मे महिन्यात गावाला फुकट ओंजळभर मिळायचं.