व्हिनेगर जरूर वापरा, पण ते आम्ल आहे हे विसरू नका

हल्ली घरगुती उपायांचा कुठलाही व्हिडिओ उघडा, व्हिनेगरची बाटली हजर. फरशी, ओटा, नळ, बागेतलं तण, सगळ्यावर तोच उपाय. मी स्वतः व्हिनेगर नेहमी वापरते आणि ते माझ्या आवडीचं आहे. पण 'नैसर्गिक आहे, मग काय होतंय' हे वाक्य ऐकलं की जीव कळवळतो.

मुळात किराणा दुकानातल्या स्वस्त पांढऱ्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेकदा 'सिंथेटिक' असंच लिहिलेलं असतं, म्हणजे ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं. गोव्यात माडीपासून आंबवून करतात ते व्हिनेगर वेगळं. ते स्वयंपाकासाठी ठेवा, सफाईला साधं पुरतं.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं त्या घरात व्हिनेगरला तोड नाही. शॉवरची भोकं क्षारांनी बुजली की प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर ओतायचं, शॉवर त्यात बुडेल अशी पिशवी रबरबँडने बांधायची आणि रात्रभर ठेवायची. थोड्याच वेळात बारीक बुडबुडे यायला लागतात. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं की पांढऱ्या खपल्या निघून येतात आणि पाण्याच्या धारा पुन्हा सरळ पडतात.

आता हाच क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड, त्यांच्यातही तेच आणि संगमरवरातही तेच. जे नळावरचा थर खातं ते तुमची फरशीही खाणार! कडप्प्याच्या ओट्यावर कापलेलं लिंबू पालथं राहिलं तर जो निस्तेज गोल डाग पडतो, तो पुसून जात नाही, कारण तिथली झिलईच गेलेली असते. अशा फरशीला साधं साबणाचं पाणी बरं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्यातही फारसा अर्थ नाही. दोघं एकमेकांना मारतात, मागे राहतं जेमतेम खारट पाणी.

बागेत तर मी व्हिनेगर नेतच नाही. घरच्या व्हिनेगरात आम्ल ४-५ टक्के. त्याने कोवळी पानं करपतात, पण हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी मातीत शाबूत राहतात. वारं असेल तर शेजारच्या मिरचीच्या रोपाचीही पानं जळतात. पाऊस पडून माती मऊ झाली की खुरपं घेऊन बसावं, गाठीसकट निघतं.

आणि कृपा करून हे घरात सगळ्यांना सांगा, कामाला येणाऱ्या मावशींनाही: व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर ब्लीचिंग पावडरीत किंवा ब्लीचमध्ये कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. चुकून मिसळलंच आणि डोळे चुरचुरले, खोकला आला, तर साफ करत बसू नका. ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या आणि श्वासाचा त्रास थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा.