पहिले पंधरा दिवस पुस्तक मिटलेलंच राहू द्या

शाळेच्या पहिल्या दिवसाच्या प्रवेशोत्सवाचे फोटो जळगाव-धुळ्याच्या सगळ्या ग्रुपांवर फिरून झाले. फुगे, गुलाबाची फुलं, बैलगाडीतली मिरवणूक. हौस असावी, माझी ना नाही. पण दुसऱ्या दिवसाचं काय? चप्पल कुठं काढायची, बाटली कुठं ठेवायची, लघवीला कुणाला विचारून जायचं, हे त्या सहा वर्षांच्या पोराला कुणी दाखवतं का? संडास कुठं ते माहीत नाही, विचारायची हिंमत नाही. मग चड्डी ओली होते, वर्ग हसतो आणि दुसऱ्या दिवसापासून पोर घरी. आपण हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळे!

म्हणून पहिलीला मी पहिला पंधरवडा पुस्तक उघडत नाही. हजेरी, गाणं, गोष्ट, हात धुणं, खिचडी, खेळ. रोज हाच क्रम, भिंतीवर चित्रांत लावलेला. आता पुढं काय होणार हे कळलं की पोराची निम्मी भीती जाते. कुणी साहेब येऊन "कितवा पाठ चालू आहे?" विचारतात. मी सांगते, हात धुण्याचा.

आणि बोली. अहिराणीत "तुनं नाव काय शे?" एवढं विचारलं तरी पोर मान वर करतं. नंदुरबारातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडं तर पावरी, भिली या बोलींशिवाय पान हलत नाही. बाहेरून बदलून आलेल्या गुरुजींनी दहा वाक्यं तरी शिकावीत. पहिल्याच दिवशी "नीट बोल" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, स्पष्टच सांगते.

माया केली की वर्ग डोक्यावर बसतो म्हणे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. त्यांची माया सगळे सांगतात, पण वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढत, हे कमी जण सांगतात. असं दैनिक चालवायला नेम लागतो. छडीचं म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं ती बंदच केलीय, आणि छडीची शांतता बाई दाराबाहेर जाईपर्यंतच टिकते.

एक अडचण मात्र खरी आहे. जूनमध्ये कपाशीची लागवड. आई-बाप शेतात, थोरलं पोर धाकट्याला सांभाळत घरी. ही पोरं जुलैत उगवतात, तोवर वर्गाची घडी बसलेली असते. त्यांना मी आल्या दिवशी एक जोडीदार देते. चप्पल, बाटली, संडास, सगळं तोच फिरून दाखवतो, अहिराणीत.